नऊ होलांचा शनिवार

माझ्या घरमालकांनी जन्मात कधी गोल्फची काठी हातात धरली नव्हती. खेळाचे नियमही त्यांना धड ठाऊक नव्हते. 'बर्डी' म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "असेल काहीतरी पक्ष्याबिक्ष्यांचं." पण अमेरिकेचा अध्यक्ष काल गोल्फच्या मैदानावर गेला का, किती वाजता पोचला आणि किती वाजता परत निघाला, हे सिंगापूरच्या पासिर रिसमधल्या त्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी आणि सोमवारी सकाळी जाहीर होत असे. तिथला शनिवार-रविवार आपल्या हाती तेव्हा येतो. जाहीर होईपर्यंत घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, मिक्सर लावायचा नाही.

"अठरा," असं काकांच्या खोलीतून ऐकू आलं की काकू श्वास सोडून कणीक मळायला घेत. "गेलाच नाही," असं आलं तर कणीक तीच, पण काकू ती अशी तिंबत की मला पोळ्यांची दया येई.

मी त्या घरात एक खोली घेऊन तीन वर्षं राहिले. पहिल्या महिन्यात मला हा प्रकार विनोदी वाटला. पुण्याला आईला फोन करून मी काकांची नक्कल करायचे. तिसऱ्या वर्षी मी स्वतः रविवारी सकाळी डोळे मिटून त्या एका शब्दाची वाट बघत अंथरुणात पडून राहायला लागले, आणि नक्कल बंद झाली. भीतीचं पडशासारखं असतं. एका घरात राहिलं की लागते.

काकांचा सिद्धांत सोपा होता. गोल्फचे अठरा होल खेळायला चार तास लागतात. ज्याच्या मनात उद्या कोणावर तरी बॉम्ब टाकायचे आहेत, तो चार तास उन्हात चेंडूमागे फिरू शकत नाही. तेव्हा अठरा म्हणजे जगाला आठवडाभर अभय. अजिबात गेला नाही तर सावध राहायचं. पाऊस असेल तर तो दिवस धरायचाच नाही, आधीचा आकडा चालू ठेवायचा. आणि नऊ म्हणताना काका आवाज खाली आणत. "नऊ म्हणजे अर्ध्यातून उठला. का उठला? कोणीतरी येऊन कानात काहीतरी सांगितलं." असं एकदा खरंच झालं होतं. एका रविवारी एक अध्यक्ष नऊच होल खेळून घरी परतला, तळघरातल्या खोलीत जाऊन बसला, आणि तेव्हाच अर्ध्या जगापलीकडे एका घराच्या आवारात त्याची हेलिकॉप्टरं उतरत होती. "दुनियेला मागाहून कळलं," काका म्हणायचे. "होल मोजणाऱ्याला आधीच कळलं असतं."

काकांची सगळी नोकरी जहाजांच्या विम्यात गेली, आधी मुंबईत, मग इथे. कुठला समुद्र आज धोक्याचा, हे कागदावर मांडणं त्यांचं काम. त्यांच्या मते समुद्र आपणहून धोक्याचा होतच नाही, वॉशिंग्टनमधला एक माणूस त्याला तसा करतो. मग त्या माणसावर नजर ठेवायची कुठे? "भाषणात सगळे सारखेच. सुट्टीच्या दिवशी माणूस काय करतो ते बघावं." आणि मग त्यांनी एवढ्या अध्यक्षांच्या एवढ्या सुट्ट्या वाचून काढल्या की त्यांच्या घरच्यांनीही तेवढ्या मोजल्या नसतील.

त्यांची नावं मात्र काका घेत नसत. त्यांच्या कोकणातल्या आजोळी तिन्हीसांजेनंतर सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. नाव घेतलं की ते ऐकतं आणि येतं. तसंच हे. त्यामुळे प्रत्येकाला टोपणनाव होतं. जाड्याला त्याच्या आधीच्यानं बजावून सांगितलं होतं की बाबा रे, गोल्फ खेळताना लोकांना दिसू नकोस, पण त्यानं ऐकलं नाही. खिळेवाल्याच्या बुटांच्या खिळ्यांनी ऑफिसच्या लाकडी जमिनीला भोकं पडली होती. काळ्या चेंडूवाला इतका नादी की बर्फातही खेळायचा आणि पांढऱ्यात दिसावेत म्हणून चेंडू काळे रंगवून घ्यायचा. "पण काका, तो तर महायुद्धात उतरला," मी एकदा इतिहास काढला. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तेव्हा होल मोजत कोण होतं?"

त्यांचा लाडका होता लपव्या. सगळ्यांत सुरेख खेळणारा, पण लोकांपासून लपवून ठेवणारा. निवडणुकीच्या दिवसांत एकदा त्यानं मारलेला चेंडू सरळ भोकाकडे निघाला, तेव्हा हा मनातून धावा करत होता की बाबा, आत जाऊ नकोस. गेला तर उद्या पेपरात येईल आणि लोक म्हणतील, हाही गोल्फवाला. "एवढा मोठा माणूस, आणि चेंडूला घाबरला," काका खूश होऊन सांगत. "हा आपल्यातला."

आणि एक होता सोडलेला. युद्ध चालू असताना आपण खेळतोय हे सैनिकांच्या आयांना कसं वाटेल, म्हणून त्यानं गोल्फच सोडला. हे काका सांगायला लागले की काकू दर वेळी तेच म्हणायच्या, "त्या आयांना काय, हा खेळला काय नि न खेळला काय." आणि आत निघून जायच्या.

बाकी काका साधे, टापटीप, पेपराच्या घड्या नीट घालणारे गृहस्थ. पण जवळच्या तळावरून लढाऊ विमानं घरावरून गेली की ते हातातलं काम टाकून भिंतीला टेकून उभे राहत. सराव चाललाय हे त्यांना माहीत असे, तरी आवाज पूर्ण विरेपर्यंत हलत नसत. शेजारची चिनी आंटी लिफ्टपाशी भेटली की ओरडून विचारायची, "अंकल! टुडे प्लेइंग ऑर नॉट?" काका गंभीरपणे सांगत, "एटीन." ती म्हणायची, "वाह, गुड, लाह. कॅन गो मार्केट." ती थट्टा करायची, पण एकदा "नॉट प्लेइंग" ऐकल्यावर तांदळाची दोन पोती घेऊन येताना मी तिला पाहिलं आहे.

हे सगळं कशापायी, ते मी आधीच सांगायला हवं होतं. काका-काकूंची एकुलती एक मुलगी, मुक्ता, तेलाच्या जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. वर्षातले सहा-सात महिने ती समुद्रावर, आणि त्यातल्या बऱ्याच फेऱ्या आखाताच्या. तिथे शिरायचं नि भरून बाहेर पडायचं तर एका चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. दोन्ही किनाऱ्यांवर तोफा, मधून हे तेलानं भरलेलं जहाज, आणि त्याच्यावर आपली पोर. प्रत्येक फेरीआधी तिचा फोन यायचा. काका म्हणायचे, "अठरा." ती म्हणायची, "ओके बाबा." झालं संभाषण. जेवलीस का, तब्येत सांभाळ, असलं काही नाही. ते काकूंच्या वाट्याला.

त्या आठवड्यात आखातात वातावरण तापलं होतं. मुक्ताचं जहाज इंधन भरायला सिंगापूरलाच नांगर टाकून उभं होतं. ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावरून दिसायचं. काका शनिवारी दुपारी जाऊन बघून आले. कंपनीनं कागद फिरवला होता: आखातात यायचं नसेल त्यानं इथेच उतरावं, रविवारी दुपारपर्यंत कळवावं. म्हणजे काकांनी एक शब्द सांगितला असता तर मुक्ता लाँचनं किनाऱ्याला लागून जेवायच्या वेळी घरी आली असती.

रविवारी पावणेसात वाजले. सात वाजले. खोलीतून काहीच आलं नाही. मी बाहेर आले तर काका टेबलाशी कागद घेऊन बसले होते आणि काकू ओट्याला पाठ लावून उभ्या होत्या.

"नऊ पन्नासला पोचला, साडेबाराला निघाला," काका म्हणाले. "चार तास नाहीत. पाऊस आला म्हणून निघाला असेल तर दिवस धरायचा नाही. मागच्या आठवड्याचे अठरा चालू. पण पाऊस नसेल तर..."

"इंटरनेटवर बघू ना काका."

"त्यावर म्हणतायत, तुरळक सरी. वेधशाळेचा पाऊस विमानतळावर पडतो. मला मैदानावरचा हवाय. तुझी ती शाळेतली मैत्रीण अमेरिकेत त्या मैदानाजवळच राहते ना?"

मी फोन घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. मैत्रीण हसायलाच लागली. "पाऊस? अगं, लख्ख ऊन होतं. आम्ही दुपारी अंगणात बार्बेक्यू केलं. का गं?"

फोन ठेवते न ठेवते तोच मुक्ताचा आला. काकूंनी तिला कळवलं असणार.

"काय म्हणाली मैत्रीण?"

"ऊन होतं," मी म्हणाले. "मुक्ता, नऊच आहेत."

तिच्या मागे जहाजाच्या यंत्रांची घरघर ऐकू येत होती. "बाबांना पाऊस सांग," ती म्हणाली.

"वेडी आहेस का?"

"ऐक ना. सगळे जातायत. या जहाजावर मी एकटी मुलगी. मीच उतरले तर माझं प्रमोशन गेलंच, पण पुढची मुलगी घेतानाही हेच काढतील. आणि बाबा नको म्हणाले तर माझ्यानं जाववणार नाही, हे तुला माहितीये. सांग ना गं, प्लीज."

आंग मो किओच्या आमच्या कंपनीत माझं काम संगणकाच्या चिपा तपासायचं. यंत्र जे दाखवेल, पास की फेल, त्यावर सही करायची. सात वर्षांत मी एकही खोटी सही केली नव्हती. मी आत गेले आणि म्हणाले, "पाऊस होता काका. जोराचा."

काकांनी डोळे मिटले. मग फोन उचलला, तिला लावला आणि म्हणाले, "पाऊस होता. मागचे अठरा चालू." पलीकडून आवाज आला, "ओके बाबा."

संध्याकाळी आम्ही तिघं ईस्ट कोस्टला जाऊन तिचं जहाज निघताना पाहिलं. काकांनी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या एका गाळ्यावर उसाचा रस पाजला. ते एवढे मोकळे झाले होते की सोडलेल्याची गोष्ट त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या एका अनोळखी तमिळ जोडप्याला इंग्रजीतून सांगितली. मी माझा पेला काकूंच्या पुढे सरकवला.

मग पुढचे चौदा दिवस. काका शांत झोपत होते, काकू झोपत होत्या, आणि भीतीची सगळी जबाबदारी माझ्या एकटीवर आली होती. फोनवर जहाजांचा नकाशा उघडून मी मुक्ताच्या ठिपक्याकडे बघत बसायचे. एमआरटीच्या ट्रेनमध्ये, जेवताना, चिपांच्या यंत्रासमोर. मी इंजिनियर आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी त्याचीच भीती वाटायला लागली. त्या रविवारी, आणि पुढच्या शनिवारी-रविवारीही, तिकडे खराखुरा पाऊस पडला. टीव्हीवर छत्र्या दिसल्या. "धरायचा नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक पोळी घेतली.

अकराव्या दिवशी ठिपका सामुद्रधुनीत शिरला आणि सगळ्या नकाशाचं डोकं फिरल्यासारखं झालं. जहाजं वाळवंटात उभी दिसायला लागली. मुक्ताचं जहाज समुद्रापासून कितीतरी आत, वाळूत. मी ऑफिसमधून काकांना फोन केला. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. "अगं, तिथे सिग्नल बिघडवतात," ते मलाच समजावायला लागले. "काही होत नाही. अठरा आहेत आपल्याकडे." मी फोन ठेवला आणि नकाशा परत उघडला.

जहाज आत पोचलं, धक्क्याला लागलं, तेल भरू लागलं. पण भरलेलं जहाज त्याच वाटेनं बाहेर यायचं होतं, आणि ते सोमवारी निघणार होतं. रविवारी सकाळी काका बाहेर येऊन म्हणाले, "गेलाच नाही. ऊन असूनसुद्धा." काकूंचा हात थांबला. "घाबरू नकोस," काका म्हणाले. "अठरानंतर एक नागा चालतो. नऊनंतर चालत नाही. नऊ आणि मग नागा, हे तर..." त्यांनी मान हलवली. "पण आपले अठरा आहेत."

तिथे माझा बांध फुटला. मी सगळं सांगून टाकलं. मैत्रीण, बार्बेक्यू, मुक्ताचा फोन, सगळं.

काकू माझ्यावर अशा कधीच ओरडल्या नव्हत्या. "आता सांगून काय मिळवलंस? आता ती कुठे उतरणार? पाण्यात?" त्यांचं खरंच होतं. माझ्या मनावरचं ओझं मी उचलून त्यांच्या पोळपाटावर ठेवलं होतं, बाकी काही साधलं नव्हतं.

काका ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "तिला माहीत होतं? नऊ आहेत हे?"

"हो काका. तिनंच सांगितलं, की..."

"म्हणजे चौदा दिवस ते पोर एकटं नऊ घेऊन हिंडतंय," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले. भीती त्यांनी आयुष्यभर स्वतःपुरती पाळली होती, असं त्यांना वाटत होतं. ती मुलीला दिलीय, हे त्यांना त्या मिनिटाला कळलं. त्यांचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही.

जहाज मंगळवारी सुखरूप बाहेर आलं. हे आत्ताच सांगून टाकते, कारण मुक्ता आता चीफ ऑफिसर आहे आणि तिच्या जिवावर मला कोणाला टांगून ठेवायचं नाही. मी ते घर सोडल्यालाही वर्ष झालं. पण काका म्हटलं की मला आठवते ती त्या रविवारची सकाळ, जेव्हा यातलं आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं.

दहाच्या सुमाराला तिचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

तीसुद्धा गोंधळली. "हो बाबा."

"झोप लागते?"

अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "नाही लागत. लाइफजॅकेट उशाशी घेऊन पडते. बाबा, नऊच होते. मीच तिला खोटं सांगायला लावलं. आणि काल तो गेलाच नाही ना? मी पण बघते बाबा. दर आठवड्याला बघते."

काकूंनी तोंडावर पदर धरला. आणि काका हसले. मोठ्यानं, खदाखदा. तीन वर्षांत त्यांना तसं हसताना मी ऐकलं नव्हतं.

"अगं वेडाबाई," ते म्हणाले, "ते सगळं मी बनवलेलं आहे! ऑफिसात वेळ जात नव्हता म्हणून. गोल्फचा नि लढाईचा काय संबंध? चांगली इंजिनं चालवतेस आणि हे खरं मानतेस?"

"मी इंजिनं नाही चालवत बाबा, मी जहाज चालवते."

"तेच ते. बरं ऐक." आणि काका नावं घ्यायला लागले. टोपणनावं नाहीत, खरी नावं. पूर्ण, आडनावासकट, एकामागून एक, खणखणीत आवाजात. जाड्याचं घेतलं, खिळेवाल्याचं घेतलं. हा रोज खेळला तरी युद्धात पडला की नाही? त्यानं युद्धात पडून मग खेळ सोडला, म्हणजे उलटंच की नाही? आणि तो आत जाऊ नकोस म्हणून चेंडूच्या विनवण्या करत होता, असली माणसं माझं पंचांग? काकूंनी टेबलाची कड घट्ट धरली होती. आत्ता चालू असलेल्या अध्यक्षाचंही नाव त्यांनी घेतलं, त्याच्या बोलण्याची नक्कल केली, आणि पलीकडून मुक्ताचं हसू ऐकू आलं. आधी नाकातून आल्यासारखं, मग खरं.

"खरंच बाबा? सगळं बनवलेलं?"

"तुझी आई साक्षीला आहे. विचार."

काकू फोनकडे वाकल्या. "हो गं," त्या म्हणाल्या. "येडा आहे तुझा बाप. झोप तू जरा."

"झोपते," मुक्ता म्हणाली. "ओके बाबा."

फोन बंद झाला. काका त्याच्याकडे बघत राहिले. टेबलाखाली त्यांचे दोन्ही गुडघे असे थरथरत होते की काकूंच्या चहाची बशी वाजत होती. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"पटलं असेल ना गं तिला?" त्यांनी विचारलं.